लोगो आधी एका रंगात पाहा

घरगुती मसाल्याच्या ब्रँडचा लोगो कसा असावा यावरच्या एका लेखात रंगसंगतीवर भर दिला होता, तो पटला. पण लोगो आधी काळ्या-पांढऱ्यात काढून बघाच. पाउचवर, बिलबुकावरच्या शिक्क्यात, व्हॉट्सअ‍ॅपच्या इवल्याशा गोल डीपीत तो ओळखू आला पाहिजे. बारीक वेलबुट्टीचा तिथे नुसता डाग दिसतो. डिझायनरकडून व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहणारी) मागून घ्या, छोट्या जेपीजीवरून दुकानाची पाटी केली तर अक्षरांच्या कडा फाटतात.

आणि नाव? ते आधीच कुणी घेतलंय का, हे रंगांच्याही आधी ट्रेडमार्कच्या (ब्रँडच्या नावाच्या कायदेशीर नोंदणीच्या) सरकारी संकेतस्थळावर शोधा. या नोंदणीत वस्तूंचे वर्ग असतात, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. पाकिटं छापल्यावर नाव बदलावं लागलं तर सगळी छपाई वाया जाते.