निळी पडलेली धार आणि ग्राइंडरचे चाक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बेंच ग्राइंडरवरील माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. मूळ लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लहान वर्कशॉपने ग्राइंडरसाठी बाजूला काढलेले पैसे मोठ्या मोटरवर घालण्यापेक्षा योग्य चाक, ड्रेसर (चाकाचे तोंड खरवडून ताजे करणारे अवजार) आणि पक्का टूल रेस्ट (चाकासमोरचा, हत्यार टेकवण्याचा आधार) यांवर घालावेत, असे मी त्यात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे आहे की धार जळते ती हात बसलेला नसल्यामुळे, त्यात चाकाचा दोष नसतो. धार निळी पडलीच तर लगेच पाण्यात बुडवावी म्हणजे पाणी, अर्थात पोलादाचा कडकपणा, परत चढते. टूल रेस्ट काढल्याखेरीज कोयत्याला धार लावता येत नाही. आणि चाक फुटण्याची भीती पुस्तकी आहे, कारण चिकलठाण्याच्या कारखान्यांत टर्नर म्हणून आयुष्य काढूनही आपण चाक फुटलेले कधी पाहिले नाही. शेवटी आपण एक प्रश्नही विचारला आहे, त्याचे उत्तर शेवटीच देतो.

आपल्या आक्षेपांपैकी पाण्याचा मुद्दा मी आधी घेतो, कारण त्याने सुताराची चांगली हत्यारे वाया जातात. लोहार कार्बन स्टीलच्या पटाशीला पाणी देतो तेव्हा ती भट्टीत लाल होईपर्यंत, म्हणजे साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते. त्या तापमानाला पोलादाची आतली रचना बदलते आणि झटक्यात थंड केल्यामुळे ते कडक होते. असे पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. ग्राइंडरवर धारेला जे रंग येतात ते या दुसऱ्या पायरीचे आहेत : फिकट पिवळा सुमारे २२० अंशांना, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २८० च्या आणि निळा ३०० च्या घरात. म्हणजे धार निळी दिसली तेव्हा ती हवी त्यापेक्षा जास्त तापून मऊ पडून गेलेली असते. तीनशे अंशांवरून पाण्यात बुडवल्याने ती फक्त गार होते. पुन्हा कडक व्हायची तर तिला लाल होईपर्यंत तापवावे लागेल, आणि ते काम भट्टीचे आहे.

पाण्याचा डबा ग्राइंडरजवळ हवाच, परंतु त्याचा उपयोग रंग येण्यापूर्वी आहे. पटाशी उघड्या बोटांनी धारेच्या अगदी जवळ धरावी आणि चटका जाणवू लागताच बुडवावी. निळा रंग हा पृष्ठभागावरचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे तेलाच्या दगडावर चार हात मारले की तो निघून जातो आणि हत्यार दिसायला पूर्ववत होते. खालचे पोलाद मात्र मऊच राहते. मग बाभळीच्या लाकडात दहा-वीस ठोके मारले की धार वळते आणि दोष पटाशीच्या कंपनीवर जातो. अशा वेळी निळा पडलेला सगळा भाग संपेपर्यंत, न तापवता, हळूहळू मागे घासत जाण्याखेरीज उपाय नाही.

आता आपल्या अनुभवाविषयी. निळे पडलेले टूल लेथवर पूर्ण पाळी चालवल्याचे आपण लिहिले आहे आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण ते टूल हायस्पीड स्टीलचे होते. १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम आणि १ टक्का व्हॅनेडियम असलेले हे जुने प्रसिद्ध पोलाद सुमारे ६०० अंशांपर्यंत आपला कडकपणा टिकवून धरते. त्याला तीनशे अंशांचा निळा रंग म्हणजे काहीच नव्हे. उलट ते तापलेले असताना पाण्यात बुडवले तर धारेवर केसासारख्या तडा जातात आणि पुढे तिचे कण सुटू लागतात. म्हणजे ज्या हत्याराला पाणी लागते त्याला आपला सल्ला उशिरा पोचतो, आणि ज्याला लागत नाही त्याला तो मारक ठरतो. हातात आलेले जुने पोलाद कोणते आहे हे ठरवायला ठिणग्या पुरतात. कार्बन स्टीलच्या ठिणग्या पांढरट-पिवळ्या, लांब आणि टोकाशी फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात. हायस्पीड स्टीलच्या मंद, तांबूस आणि जवळजवळ न फुटणाऱ्या. जालन्याच्या बांधकामाच्या सळईची छिन्नी करून तिला पाणी देऊ पाहणारे बरेच जण आपल्या भागात भेटतात. त्या सळईत पाणी धरण्याइतका कार्बनच नसतो, हेही तिच्या कमी फुटणाऱ्या ठिणग्या सांगत असतात.

धार हातामुळे जळते की चाकामुळे, या वादात आपण हाताची बाजू घेतली आहे. हाताचे महत्त्व मी नाकारत नाही. दाब जास्त दिला, एकाच जागी धरून ठेवले, तर कोणत्याही चाकावर हत्यार जळेल. पण माझा मुद्दा असा होता की माणूस दाब का वाढवतो, हे पाहावे. चाकाचे प्रत्येक टोकदार कण पोलादाचा बारीक कीस काढत असते. हे कण बोथट झाले की ते कापण्याऐवजी घासू लागतात. चाक हाताला गुळगुळीत लागते, उजेडात चकाकते, आणि कीस कमी व उष्णता जास्त निर्माण होते. काम पुढे सरकत नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि त्या जोराने धार जळते. कसबी हातालाही चोपड्या चाकावर गार धार काढणे कठीण जाते. ड्रेसर लावून ताज्या केलेल्या चाकावर शिकाऊ पोरगासुद्धा बऱ्यापैकी निभावून नेतो.

पांढरे चाक लवकर झिजते, ही आपली तक्रार खरी आहे आणि तोच त्याचा गुण आहे. चाकावर छापलेल्या ‘डब्ल्यूए ६० के ५ व्ही’ यासारख्या खुणेत पहिली अक्षरे पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची, ६० हा ग्रिट (कणांचा बारीकपणा), ‘के’ हा ग्रेड, ५ ही कणांमधील मोकळीक आणि ‘व्ही’ म्हणजे कणांना जोडून ठेवणारा, भट्टीत भाजलेला काचेसारखा बाँड. यातला ग्रेड कण किती कडक आहे ते सांगत नाही, बाँड त्याला किती घट्ट धरून ठेवतो ते सांगतो. मशिनीबरोबर मिळणारे करडे चाक सहसा जाड ग्रिटचे आणि कडक ग्रेडचे असते. वेल्डिंगचा सांधा घासायला किंवा पहारीचे टोक काढायला ते उत्तम, कारण तिथे पोलाद मऊ असते आणि कण लवकर बोथट होत नाहीत. कडक केलेल्या पोलादावर कण लवकर बोथट होतात, म्हणून तिथे ते वेळेवर सुटून नवे कण पुढे येणारे, मऊ ग्रेडचे चाक हवे. चाक टिकवण्याच्या नादात हत्यार झिजवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

ड्रेसर म्हणजे चैन, असेही आपण सुचवले आहे. दातेरी चकत्यांचा साधा स्टार ड्रेसर काही शंभर रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षे पुरतो. टूल रेस्ट थोडा मागे घेऊन ड्रेसरचा खालचा आकडा रेस्टच्या कडेला अडकवायचा आणि चाकाच्या तोंडावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकसारखा न्यायचा. चकाकी जाऊन सर्वत्र सारखा खरखरीतपणा दिसला की थांबायचे आणि रेस्ट पुन्हा पुढे आणायचा. धूळ पुष्कळ उडते, तेव्हा चष्म्याबरोबर नाकावर मास्क हवा.

विजेबद्दल आपण जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे. संध्याकाळी गावात दाब पडला की आठ इंची चाक उठता उठत नाही. या प्रकारच्या मोटरचे बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर बळ सुमारे ६१ टक्क्यांवर येते. अशा ठिकाणी १५० मिमीचे, म्हणजे सहा इंची चाकच घ्यावे. हलक्या हाताने काम करणाऱ्याला ते पुरते, आणि मोठ्या मोटरवर पैसे घालू नयेत असे मी म्हणालो त्यामागे हेही एक कारण होते.

कोयत्याच्या बाबतीत आपल्यात वाटतो तितका मतभेद नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, केज, पाटोदा, आष्टीकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात तेव्हा कोयते घेऊन माणसे दारात उभी असतात आणि प्रत्येकाला घाई असते, हे मी जाणतो. कोयत्याचा बाक रुंद रेस्टवर बसत नाही, म्हणून रेस्टच काढून टाकण्याची पद्धत पडली. परंतु रेस्ट नसताना पात्याचे टोक चाकात ओढले गेले, तर ते खाली गार्डच्या, म्हणजे चाकाभोवतीच्या आवरणाच्या, पोकळीत शिरते आणि पकडलेला हात त्याच्यामागे जातो. माझ्या मते कोयता हे बेंच ग्राइंडरचे काम नव्हेच. व्हाइसमध्ये धरून अँगल ग्राइंडरच्या (हातात धरायच्या ग्राइंडरच्या) फ्लॅप डिस्कने, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांच्या चकतीने, दाते पडलेली कड सरळ करावी आणि शेवटची धार कानशीने काढावी. फडात पुढे कानसच वापरायची असते. चाकावर लावलेली धार चाकाच्या गोलाईमुळे खोलगट होते, तिची कड पातळ राहते आणि उसाच्या कांडीवर ती लवकर वळते. तरीही चाकावरच लावायची असेल, तर चाकापेक्षा अरुंद, वरून गोलाई दिलेला रेस्ट कोणत्याही वेल्डरकडून करून घेता येतो; त्यावर बाक सहज फिरतो.

चाक फुटण्याचा मुद्दा मी सौम्य करणार नाही. आपण ज्या कारखान्यांत काम केलेत तिथे चाक फुटलेले दिसले नाही, कारण तिथे ग्राइंडर ठरलेल्या वेगाचा होता, गार्ड जागेवर होता आणि चाक बसवणारा माणूस ठरलेला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३० मध्ये, ग्राइंडिंग चालते तिथे प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा कमाल सुरक्षित परिघीय वेग, शाफ्टचा वेग आणि पुलीचा व्यास लिहिलेली सूचना कायम लावावी, असे सांगितले होते. आपल्या जुन्या शॉपमध्येही तशी पाटी असणार. गावातल्या शेडमध्ये तशी पाटी क्वचितच दिसते.

त्यात पुलीचा उल्लेख का आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कडबा कुट्टीची १४४० फेऱ्यांची मोटर घेऊन, तिच्यावर १५० मिमीची आणि ग्राइंडरच्या शाफ्टवर ७५ मिमीची पुली लावली, तर शाफ्ट मिनिटाला २८८० फेरे घेतो आणि २०० मिमी चाकाची कड सेकंदाला सुमारे ३० मीटर धावते. अशा भाजलेल्या चाकांची मर्यादा सामान्यतः ३५ मीटर असते, म्हणजे इथवर ठीक. पण ७५ ची पुली तुटली आणि हाताशी होती म्हणून ५० मिमीची बसवली, की फेरे ४३२० होतात आणि कडेचा वेग ४५ मीटरवर जातो. वेग दीडपट झाला तर चाकाला आतून फाडू पाहणारा ताण सव्वादोनपट होतो. मशीन पूर्वीसारखेच चालते, आवाज थोडा वाढतो, इतकेच. रेस्ट आणि चाक यांत ३ मिमीपेक्षा जास्त आणि गार्डच्या वरच्या पट्टीशी ६ मिमीपेक्षा जास्त फट नको, या आकड्यांमागेही असेच कारण आहे : खालच्या फटीत हत्यार अडकू नये आणि चाक फुटलेच तर वरून तुकडे माणसाच्या तोंडावर येऊ नयेत. हातमोजे आणि गळ्यातले उपरणे ग्राइंडरपासून दूर ठेवावे, हे आपल्यासारख्या जाणकाराला सांगायला नको.

आता आपला प्रश्न. एकच ग्राइंडर, दोन चाके, आणि सुतार व टर्नर अशा दोघांचे काम असेल तर कोणती चाके लावावीत, असे आपण विचारले आहे. उजवीकडे पांढरे, ६० किंवा ८० ग्रिटचे लावावे. रंध्याची पाती, पटाश्या, ड्रिल बिट आणि हायस्पीड टूल सगळे त्यावर होईल. कार्बाइड टिपची टूल्स (टोकाला कार्बाइड या अतिशय कडक पदार्थाचा तुकडा जोडलेली) नियमित येत असतील तर डावीकडे हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक लावावे. मात्र टिपखालचे साधे पोलाद त्यावर घासू नये, त्याने चाकाच्या कणांमधली मोकळीक भरून जाते. ते पोलाद आधी दुसऱ्या चाकावर मागे घ्यावे, आणि गरम टिप पाण्यात बुडवू नये. कार्बाइड येत नसेल तर डावीकडे आहे ते करडे ३६ ग्रिटचे राहू द्यावे.

नवे चाक घेताना दुकानातच, माठ घेताना वाजवून पाहतो तसे, मधल्या छिद्रात बोट घालून टांगावे आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेच्या थोडे आत, दोन-तीन ठिकाणी वाजवावे. आवाज बद आला तर घेऊ नये. बसवताना दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढून टाकू नयेत, चाक दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या फ्लँजचा दाब त्यांच्यामुळे सारखा पसरतो. डाव्या नटाचे आटे उलटे असतात, तो डाव्या टोकाकडून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर ढिला होतो. पाना लावून उलट्या बाजूने जोर देत बसल्यामुळे आटे गेलेले शाफ्ट मी पाहिले आहेत. नट बेताचा आवळावा, गार्ड लावावा, चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहावे, आणि मग बाजूला उभे राहून निदान एक मिनिट रिकामे चालवावे. नवे चाक सुरुवातीला थोडे लंगडत फिरते, म्हणून पहिले हत्यार लावण्याआधी त्याला एकदा ड्रेसर लावून घ्यावा.