धडधडीला घाबरून वजनं खाली ठेवू नका

‘चिंतेचा त्रास असलेल्या बायकांनी जोराचा व्यायाम टाळावा, त्याने कॉर्टिसॉल वाढतं. वजनं उचलू नयेत, नुसतं चालावं. छातीत धडधडलं की तिथेच थांबावं.’ हा संदेश काळजीपोटीच पुढे पाठवला जातो. पण तो वाचून ज्यांना व्यायामाचा सर्वात जास्त उपयोग होईल, त्याच बायका घाबरून बसतात.

कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक (हार्मोन). व्यायामात ते वाढतं, हे खरंच आहे. दमवणाऱ्या व्यायामात शरीराला साखर लागते, ती मोकळी करायला कॉर्टिसॉल मदत करतं. व्यायाम संपला की ते उतरतं. महिनोन्‌महिने पोखरणारा ताण ही वेगळीच गोष्ट.

वजनांबद्दल तर उलटाच पुरावा आहे. 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सतत चिंता करण्याच्या विकाराचं निदान झालेल्या, एरवी व्यायाम न करणाऱ्या 30 स्त्रिया त्यात होत्या. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका गटाने पायांनी वजनं उचलली, दुसऱ्याने सायकल चालवली, तिसऱ्याने यातलं काहीच केलं नाही. शेवटी विकारातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे 60, 40 आणि 30 टक्के निघालं. अभ्यास लहान होता, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण वजनांनी चिंता वाढते असं त्यात कुठेच दिसलं नाही.

आता धडधड. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच सल्ला. घाबरण्याच्या झटक्यात छाती धडधडते, धाप लागते, घाम फुटतो. जिना भराभर चढल्यावरही नेमकं हेच होतं. प्रत्येक वेळी घाबरून थांबलं, की ‘थांबले म्हणून वाचले’ असं मनात पक्कं बसतं. हळूहळू जोर वाढवत त्या धडधडीत राहिलं, ती आपोआप शमताना अनुभवली, की तिची दहशत ओसरू लागते. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बसल्या जागी धडधडलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणं आणि थायरॉइडचा त्रास बायकांमध्ये जास्त आढळतो, आणि दोन्हींतली धडधड चिंतेसारखीच भासते.

चालणं उत्तमच. आक्षेप आहे तो ‘नुसतं’ या शब्दाला.

आणि कुणी दुसऱ्या टोकाला जाऊन ‘व्यायाम करा, गोळ्या सोडा’ म्हणत असेल, तर तेही ऐकू नका. घाबरण्याच्या झटक्यांवरच्या 1998 सालच्या दहा आठवड्यांच्या चाचणीत धावण्याचा व्यायाम खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला, पण क्लोमिप्रामिन या औषधाने त्याहून लवकर आणि जास्त आराम पडला होता.