राजाला शहाणं करून सोडायचंय?

मग आधी काळ नीट निवडा. चीनमधला इ.स.पू. 475 ते 221 हा 'लढत्या राज्यांचा' काळ त्यासाठी झकास. सात मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली. आपण टिकलो पाहिजे एवढं प्रत्येक राजाला कळतंय. कसं, ते एकालाही कळत नाही. सल्लागाराला असा भाव शांततेच्या दिवसांत येत नसतो. छी राज्याची राजधानी लिंझी इथे तर वेशीजवळ विद्वानांची पक्की सोय होती. राहायला ऐसपैस घरं, वर मानाची पदवी, आणि काम म्हणाल तर वाद घालणं. कारभारात हात घालायचा नाही, फक्त मतं द्यायची. असं सुख आपल्याकडे फक्त निवृत्तीनंतर मिळतं, तेही बिनपगारी.

आता पंथ कुठला घ्यायचा? त्याची फार चिंता करू नका. पंथांची नावनिशी तुम्ही गेल्यावर, पुढच्या हान राजवटीतला सीमा थान नावाचा इतिहासकार करून ठेवील. त्याने सगळ्यांना सहा खणांत बसवलं. तुमचाही कुठेतरी खण लागेलच.

सचोटीची हौस असेल तर कन्फ्यूशियसचा रस्ता धरा. तो या काळाच्या थोडा आधीचा, इ.स.पू. 551 ते 479. राजाने आधी स्वतः नीट वागावं, मग प्रजा आपोआप नीट वागते, असं तो सांगत असे. शेजारच्या छीने त्याच्या लू राज्याच्या दरबारात नाचगाणाऱ्या मुली भेट धाडल्या, तीन दिवस दरबार भरला नाही, आणि गुरुजींनी लू सोडलं. पुढे वर्षानुवर्षं या राज्यातून त्या राज्यात. एकदा झंग राज्याच्या पूर्व वेशीपाशी शिष्यांशी चुकामूक झाली. कुणीतरी शिष्यांना सांगितलं, तिकडे एक माणूस उभा आहे, सुतक पडलेल्या घरच्या कुत्र्यासारखा दिसतोय. शिष्यांनी हे गुरूच्या कानावर घातलं, तर गुरुजी हसून म्हणाले, अगदी बरोबर! नोकरीच्या शोधात एवढा दिलखुलासपणा टिकणार असेल तरच या वाटेला जा.

नुसतं बोलण्यापेक्षा काही करून दाखवायची खुमखुमी असेल, तर मोझी. सगळ्यांवर सारखं प्रेम करा, दुसऱ्याच्या राज्यावर चढाई करू नका, हे त्याचं सांगणं. बलाढ्य छू राज्य चिमुकल्या सोंगवर चालून जाणार, कुंगशू पान नावाच्या कारागिराने तटाला लावायच्या शिड्याही तयार केल्यात, हे कळताच हा दहा दिवस आणि दहा रात्री चालत छूच्या दरबारात पोचला. कमरेचा पट्टा सोडून जमिनीवर मांडला : हा तट. लाकडाचे तुकडे : ही यंत्रं. कुंगशू पानने नऊ वेळा हल्ला केला, मोझीने नऊही वेळा परतवला. पान म्हणाला, तुला हरवायची युक्ती मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. मोझी म्हणाला, ती काय आहे ते मलाही ठाऊक आहे, मीही सांगणार नाही. मग राजासमोर उलगडा केला. मला मारून टाकायचं, एवढीच ती युक्ती, पण माझे तीनशे शिष्य सोंगच्या तटावर आधीच उभे आहेत. चढाई रद्द झाली. परतताना पाऊस आला. मोझी सोंगच्या वेशीत आडोशाला गेला, तर द्वारपालाने आत घेतलं नाही. तेव्हा जग वाचवायला निघताना छत्री घ्या.

तर्कशास्त्राच्या नादी मात्र लागू नका. 'पांढरा घोडा हा घोडा नव्हे' असं सिद्ध करून लिंझीतल्या भल्याभल्यांची बोलती बंद करणारे एक पंडित होते. पांढऱ्या घोड्यावर बसून जकात नाक्यावर आले आणि घोड्याची जकात निमूट भरून गेले.

खरी चलती आहे ती कायदेवाल्यांची. इथे शांग यांगचा कित्ता गिरवा. इ.स.पू. चौथ्या शतकात छिन राज्यात नवे कायदे आणण्याआधी त्याने बाजाराच्या दक्षिण वेशीत तीन झांगचा, म्हणजे सुमारे सात मीटरचा, लाकडी वासा उभा केला. जो उत्तर वेशीत नेऊन ठेवील त्याला दहा मापं सोनं. कोण पुढे येतंय? सरकार फुकट सोनं देतंय म्हटल्यावर शहाणा माणूस चार पावलं मागेच सरकतो. बक्षीस पन्नासवर गेलं. एकाने वासा नेला आणि सोनं खरंच हातावर पडलं! आता सरकार बोलतं तसं करतं, हे लोकांना पटलं. मग आले ते कायदे. शेजाऱ्याचा गुन्हा लपवलात तर तुम्हीही गुन्हेगार. युवराजाने नियम मोडला तेव्हा शिक्षा त्याच्या शिक्षकांना झाली. पुढे त्यांतल्या एकाचं नाकही गेलं.

इ.स.पू. 338 मध्ये राजा वारला आणि तोच युवराज गादीवर बसला. शांग यांग पळाला, सीमेजवळच्या धर्मशाळेत रात्रीपुरती जागा मागू लागला. मालकाला कुठे ठाऊक हा कोण ते! तो म्हणाला, शांगसाहेबांचा कायदा आहे बाबा, ओळख पटल्याशिवाय कुणाला ठेवलं तर मला शिक्षा होते. कायदा चांगला मुरला होता. पुढे रथांना बांधून शांग यांगचे तुकडे करण्यात आले. त्याचे कायदे मात्र छिनने ठेवून घेतले.

याच पंथातला हान फेइ शांग यांगहून हुशार, पण बोलताना अडखळणारा, म्हणून लिहीत बसला. राजाला पटवणं किती अवघड, यावर त्याने आख्खं प्रकरण लिहिलंय : ड्रॅगनच्या गळ्याखाली उलटे खवले असतात, त्यांना हात लावायचा नाही. छिनचा राजा ते वाचून म्हणाला, हा माणूस भेटला तर मरायला हरकत नाही. भेट झाली. हान फेइ तुरुंगात गेला आणि इ.स.पू. 233 मध्ये तिथेच विष पिऊन मेला. विष पाठवलं होतं छिनच्या दरबारातल्या ली स याने. दोघे एकाच गुरूचे विद्यार्थी. पुढे ग्रंथ जाळायची सूचनाही याच ली सची, आणि इ.स.पू. 208 मध्ये कमरेतून चिरला गेला तोही हाच.

एवढं ऐकून हातपाय गार पडले असतील तर झ्वांगझीकडे या. छूच्या राजाने मंत्रिपद देऊ केलं तेव्हा हा नदीवर गळ टाकून बसला होता. मान न वळवता विचारलं, तुमच्या राजाकडे म्हणे तीन हजार वर्षांपूर्वी मेलेलं पवित्र कासव कापडात गुंडाळून ठेवलंय. त्याला तसं राहणं आवडलं असतं, की चिखलात शेपटी ओढत जगणं? दूत म्हणाले, चिखलात. मग चला, मला चिखलात राहू द्या.

चिखलाला पगार नसतो, हे फक्त ध्यानात असू द्या. घरातलं धान्य संपलं तेव्हा हाच झ्वांगझी एका सरदाराकडे उसनं मागायला गेला. सरदार म्हणाला, वसुली येऊ दे, मग तीनशे मापं सोनं देतो. झ्वांगझी म्हणाला, येताना चाकोरीतल्या डबक्यात एक मासा दिसला, ओंजळभर पाणी मागत होता. मी म्हटलं, थांब, दक्षिणेला जाऊन मोठ्या नदीचा प्रवाहच तुझ्याकडे वळवतो. तर मासा म्हणाला, मग मला सुक्या मासळीच्या दुकानात शोध.