वारंग्याला जायचं तर इंग्रजीतूनच जा म्हणे

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे सरकावं.

कोर्टातून येताना धरमपेठेत एका क्लासमध्ये भाचीसाठी क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, बॅचची चौकशी करायला गेले होते. एकदा देऊन झालीय तिची, पुन्हा देईल का बघावं म्हणून. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. नाव, मोबाईल, आणि लगेच, "मीडियम?" मी म्हटलं मराठी. काटोलकडची झेडपीची शाळा, मग तिथलंच हायस्कूल, बारावी आर्ट्स. तिने लिहिता लिहिता पेन बंद केलं. आवाज एकदम गोड. "मॅम, मग तुम्ही राज्याच्या लॉ सीईटीची बॅच बघा ना. क्लॅटमध्ये यांचं थोडं अवघड जातं, उगाच पालकांचे पैसे जातात." भाची माझ्या बाजूलाच उभी होती. यांचं म्हणे! जसं काही पोरीला ऐकूच येत नाही.

त्या मुलीवर फार राग नाही, तिला जे शिकवलंय ते ती बोलते. राग याचा आहे की तिचं म्हणणं खरं निघतं, आणि ते खरं निघावं अशीच सगळी व्यवस्था करून ठेवलेली आहे.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. बारावीनंतर राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांच्या लॉला जायचं तर क्लॅट द्यावी लागते. 2008 मध्ये सात विद्यापीठं एकत्र आली आणि ही परीक्षा सुरू झाली, आता वीसच्या वर आहेत. आपलं नागपूरचं 2016 चं, वर्धा रोडने जामठा ओलांडून पुढे, वारंग्याला. पेपर अलीकडे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असतो, दुपारी 2 ते 4. 120 मिनिटांत 120 प्रश्न, चुकला की पाव मार्क कटला. फॉर्मचे 4000 रुपये. एससी, एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना 3500. म्हणजे गरिबीची किंमत पाचशे रुपये धरली आहे, बरं आहे.

आणि पेपर फक्त इंग्रजीत.

2020 पासून पॅटर्न बदलला. आता सगळं उताऱ्यावर. साडेचारशे शब्दांचा एक उतारा, खाली त्यावरचे प्रश्न. कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही असं तेच सांगतात, नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो फक्त लावून दाखवायचा. ऐकायला किती छान! पण मग उरतं काय? लीगल रीझनिंगचा उतारा इंग्रजीत, लॉजिकलचा इंग्रजीत, चालू घडामोडी इंग्रजीत, गणितसुद्धा उतारा वाचून आकडे शोधा. पाच विभाग म्हणतात, मला तर एकच दिसतो. पोरगं इंग्रजी किती झरझर वाचतं, एवढंच मोजून होतं.

आता माझ्या भाचीचं सांगते.

मागच्या वर्षी ती माझ्याकडे राहायला आली. एका रात्री सराव पेपर सोडवत बसली होती. मोबाईलवर टायमर लावलेला, हातात पेन्सिल, ओळीखालून बोट सरकतंय आणि ओठ हलताहेत. लहान मुलं वाचतात तसं. उतारा होता जनावरांच्या नुकसानीचा. एकाचा बैल कुंपण मोडून शेजाऱ्याच्या शेतात शिरतो, पीक खातो, मग मालक जबाबदार का, कधी, किती. टायमर वाजला तेव्हा पोरगी दुसऱ्या परिच्छेदात होती. डोळ्यांत पाणी. मी तिच्या हातातून पेपर घेतला आणि तोच उतारा मराठीत सांगितला, भाजी चिरता चिरता, गोष्ट सांगावी तसा.

तर ही मध्येच मला थांबवते. "मावशी, पण कुंपण कोणाच्या वाटचं होतं ते तर सांगूनच नाही राहिले!"

मी सुरी खाली ठेवली. वीस वर्षं वकिली करतेय हो मी. दिवाणी दाव्यात ज्युनियरला हा प्रश्न सुचावा म्हणून जीव टाकावा लागतो. हिला सुचला, कारण हिच्या आजोबांच्या तुरीत शेजाऱ्याचा गोऱ्हा शिरला होता. धुऱ्यावरचं अर्धं कुंपण यांनी करायचं, अर्धं त्यांनी, असं ठरलेलं, आणि गोऱ्हा नेमका कोणाच्या अर्ध्यातून आला यावर दोन घरं वर्षभर बोलत नव्हती. गोऱ्हा कोंडवाड्यात, आणि दंड कोणी भरायचा यावर ग्रामपंचायतीत पंचाईत. कोंडवाड्याचा कायदा 1871 चा आहे. पोरीला सन माहीत नाही, कायदा मात्र तिने अंगणात बसून ऐकलेला आहे.

उताऱ्याखालचे सगळे प्रश्न तिने तोंडी बरोबर दिले. एक उत्तर मला पटलं नाही, तर माझ्याशी वाद घातला, आणि उत्तर उघडून बघितलं तर तीच बरोबर.

आता मला सांगा, ही मुलगी कायद्याला नालायक?

आमच्याकडे संत्र्याचा व्यापारीसुद्धा नुसती साल बघून बागेचा भाव करत नाही, एक फोड तोंडात टाकतो. इथे मुलांच्या पाच वर्षांचा सौदा आहे, आणि फोड कोणी चाखतच नाही.

माझे काही वकील मित्र आता लिहायला बसतील, म्हणून आधीच लिहिते. हो, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, संविधानाचं 348 वं कलम मलाही पाठ आहे. हो, विधी विद्यापीठात शिकवणं इंग्रजीतच आहे, आणि इंग्रजी न येता तिथे पोराचे हाल होतील. मान्य. पण मेडिकल कोणत्या भाषेत शिकवतात? तरी नीटचा पेपर मराठीत मिळतो. आपल्या व्हीएनआयटीत इंजिनिअरिंग काय मराठीतून शिकवतात? जेईई मेन मराठीत देता येते. डॉक्टर होणाऱ्याला मराठीत पेपर चालतो, इंजिनिअरला चालतो, आणि ज्याला उद्या काटोलच्या कोर्टात उभं राहून साक्षीदाराला "तुझ्या वावराच्या उत्तरेला कोणाचं वावर आहे?" असं विचारायचंय, त्यालाच तेवढा चालत नाही. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, 1998 पासून रीतसर. दावा मराठीत, जबाब मराठीत, उलटतपास मराठीत. सुप्रीम कोर्टसुद्धा हल्ली आपले निकाल मराठीत भाषांतर करून ठेवतं. आणि इंग्रजी काय, पाच वर्षांत शिकतं की पोरगं! मी शिकले. घासून परीक्षा घ्या पाच वर्षांनी, कोणी नाही म्हटलंय?

हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टात याच मागणीची जनहित याचिका झाली होती, की क्लॅट प्रादेशिक भाषांत घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने पाठिंबा दिला होता. परीक्षा घेणाऱ्यांनी सांगितलं, वेळ हवा, तज्ज्ञ समिती नेमलीय, भाषांतर अवघड असतं. असतंच अवघड. दरवर्षी इतक्या मुलांचे चार-चार हजार घेता, भाषांतरकाराला द्या ना त्यातले थोडे. आणि इंग्रजीतून तरी कुठे सगळं बिनचूक निघतं? 2025 च्या क्लॅटची उत्तरं चुकली म्हणून मुलं दिल्ली हायकोर्टात गेली, आणि निकाल सुधारून द्यावा लागला. कायद्याची परीक्षा, आणि तीच कोर्टात! ज्या मुलांना हायकोर्टात जाता आलं त्यांचं कौतुकच आहे. माझी भाची उत्तरतालिकेवर हरकत घ्यायला बसली तर आधी हरकतीच्या सूचना वाचण्यातच तिचा दिवस जाईल.

परीक्षेच्या दिवशी मीच तिला सेंटरवर सोडलं होतं. बाहेर गाड्यांची ही गर्दी. एमएच-31, एमएच-49, जास्त करून मोठ्या. एमएच-40 म्हणजे आपली ग्रामीणची पाटी मला जवळपास एकाच गाडीवर दिसली, तीही बोलेरो, त्यातून चार मुलं उतरली. गेटजवळ एक बाई मुलीला शेवटचं काहीतरी विचारत होती, दोघीही इंग्रजीत, घरात बोलावं तसं. माझ्या भाचीने ते ऐकलं आणि माझा हात धरला. अठराव्या वर्षाची मुलगी. मी म्हटलं, घाबरू नको, बैलाचा उतारा आला तर तू फोडशील. हसली आणि आत गेली.

चार वाजता बाहेर आली तर पहिलं वाक्य, "शेवटचे उतारे वाचूनच नाही झाले." चुकले म्हणाली नाही. वाचून नाही झाले. घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, भाडेकरूचा एक उतारा होता, तो मराठीत असता तर मी त्यांना शिकवला असता.

माझी बहीण फोनवर म्हणाली, जाऊ दे न, नशीब. मी फोन ठेवून दिला. नशीब कसलं त्यात?

बरं, सीईटी. क्लासवाल्या मुलीचं म्हणणं अगदीच मोडीत काढत नाही. राज्याची लॉ सीईटी चांगली आहे, पेपर मराठीतही मिळतो, निगेटिव्ह नाही. भाचीने दिली आणि ठीक गेली, नागपुरातच प्रवेश होईल. आपल्या शहरातलं कायद्याचं शिक्षण काही कमी नाही. पुढे सरन्यायाधीश झालेल्या हिदायतुल्ला साहेबांनी इथल्या लॉ कॉलेजात शिकवलंय. बोबडे साहेब नागपूर विद्यापीठातून लॉ करून सरन्यायाधीश झाले. 2025 मध्ये सरन्यायाधीश झालेले भूषण गवई साहेब अमरावतीच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत प्राथमिक शिकले, आणि नागपूर खंडपीठात त्यांनी वर्षानुवर्षं वकिली केली. (ते दादासाहेब गवईंचे चिरंजीव, घरात राजकारण आणि चळवळ होती, हे कोणी सांगायची गरज नाही, ठाऊक आहे मला.) यातल्या कोणाला क्लॅट द्यावी लागली नाही, कारण तेव्हा ती नव्हतीच.

पण मग "तुम्ही सीईटी द्या, ते क्लॅट देतील" हे कोणी ठरवलं? मोठ्या लॉ फर्म कॅम्पसला येतात त्या वारंग्याला येतात. दिल्लीतल्या सीनियर वकिलांकडे इंटर्नशिपला अर्ज गेला की आधी कॉलेजचं नाव वाचलं जातं. हे माझ्या मित्रमंडळींना मी काय सांगू, तुम्हीच वाचता ते अर्ज. आणि ते विद्यापीठ उभं आहे 2014 च्या राज्याच्या कायद्यावर. आपल्या विधानसभेने केलेला कायदा. महाराष्ट्राच्या डोमिसाइलच्या मुलांसाठी जागा राखून ठेवल्यात, चांगलंच केलं. पण त्या जागांवरही मराठीतून शिकलेलं पोर इंग्रजी चाळणीतूनच पडायचं. म्हणजे डोमिसाइलचा फायदा पुन्हा त्याच इंग्रजी शाळेतल्या मुलांना, फक्त ती पुण्या-मुंबईची. वारंगा गावातल्या मुलीला विद्यापीठाचं गेट शाळेत जाता-येता दिसत असेल. आत कशाने जायचं तिने? मेसमध्ये कामाला?

हे शेवटचं वाक्य रागात लिहिलं. ठेवतेय तसंच.

लिहिता लिहिता भाची पाणी घेऊन आली, मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, मावशी, माझं नाव नको टाकू. नाही टाकलं. म्हणाली, मी पुन्हा देणार आहे, कॉलेज करत करत. मी म्हटलं, फी? तर म्हणे क्लास नको, मला फक्त रोज कोणीतरी इंग्रजी पेपर वाचून घेणारं पाहिजे. खरं सांगते, क्लासच्या काउंटरवर ती एक शब्द बोलली नव्हती आणि मला वाटलं होतं खचली. ती तिथे उभी राहून हिशोब करत होती बहुतेक. आजोबांवर गेलीय.

तर आता कामाचं. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामल्याच्या बाजूला कोणी निवृत्त प्राध्यापक, शिक्षक, बँकवाले असतील, संध्याकाळी तासभर अग्रलेख वाचून घेणारे, तर कळवा. घड्याळ लावून वाचून घ्यायचं, अर्थ तिचा तिने सांगायचा, अडली तरच बोलायचं. तिच्यासोबत गावाकडच्या अजून दोन-तीन पोरी येतील, त्यांना बसायला माझ्या ऑफिसची पुढची खोली सहानंतर रिकामीच असते. चहा माझा. क्लॅटचे जुने पेपर कोणाच्या घरी पडले असतील तर रद्दीत देऊ नका, मी येऊन नेईन. 2020 च्या आधीचे नकोत, त्यांचा उपयोग नाही.

फॉर्म पावसाळ्यात निघतात, त्यामुळे उद्या-परवा करू नका. आणि "इंग्रजी ही काळाची गरज आहे" अशी कमेंट टाकणाऱ्यांना विनंती, ती इंग्रजीत टाका. मी वाचते, मला येतं.