तांबं सोन्याच्या पोकळीत बसत नाही

सध्या कोल्हापुरात मोबाइलवरून एक मजकूर फिरतोय, गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, दागिना करायला जाणाऱ्यांना 'सावध' करणारा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सोन्यात तांबं घातलं की तांब्याचे बारके अणू सोन्याच्या अणूंमधल्या पोकळ्यांत जाऊन बसतात, मुशीत एकदा रस झाला की धातू कणन्‌कण सारखा होतो, अणूंमधलं अंतरही सगळीकडे तेवढंच, म्हणून कॅरेट तेच तर धातू तोच. हे वाचून लोक कारागिरावर संशय घेऊ लागलेत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

पोकळीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. सोन्याच्या अणूची त्रिज्या साधारण 1.44 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), तांब्याची 1.28. सोन्याच्या जाळीतली, म्हणजे अणूंच्या ठरावीक रचनेतली, सर्वांत मोठी पोकळी जेमतेम 0.6 अँगस्ट्रॉम त्रिज्येची. लोखंडात कार्बन असा शिरतो, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना ते ठाऊक आहे. तांबं मात्र सोन्याच्या अणूची जागाच घेतं. पोकळ्या भरल्या असत्या तर घनता वाढली असती. प्रत्यक्षात शुद्ध सोन्याची घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम आणि 22 कॅरेटची 17 ते 18च्या दरम्यान भरते.

आता 'कणन्‌कण सारखा'. 22 कॅरेटमध्ये फक्त तांबंच घातलं आहे असं धरू. वजनात सोनं जवळपास 92 टक्के, पण तांब्याचा अणू सोन्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच जड, त्यामुळे शंभर अणूंत सोन्याचे 78च. या जाळीत प्रत्येक अणूला 12 शेजारी असतात. अणू कसेही विखुरले तर त्यात तांब्याचे सरासरी 2.6 यायला हवेत. अडीच-पावणेतीन शेजारी तर कुणालाच नसतात! हिशेब केला तर विसातल्या एका अणूभोवती तांबं अजिबात नाही, कुठे एक, कुठे पाच. शिवाय सोनं-तांबं ही जोडी अगदी कशीही विखुरतही नाही. सोन्याला तांब्याचा शेजार जास्त मानवतो.

अंतराबद्दलचा गैरसमज मात्र समजण्यासारखा आहे, कारण तो पाठ्यपुस्तकातल्या अर्धवट वाचनातून येतो. मिश्रणाच्या प्रमाणानुसार जाळीची लांबी, म्हणजे तिच्यातल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या एका घराची बाजू, सरळ रेषेत बदलते, हा वेगार्डचा 1921चा नियम. पण क्ष-किरणांच्या विवर्तनातून, म्हणजे जाळीवर आपटून ते कसे विखुरतात यावरून, मिळणारी ती लांबी असंख्य घरांची सरासरी असते. एकेका अणूच्या भोवती पाहायचं तर त्या मूलद्रव्याने क्ष-किरण कसे शोषले यातले बारीक चढउतार वाचावे लागतात. या पद्धतीला एक्झॅफ्स म्हणतात. 1982 साली मिकेल्सन आणि बॉइस यांनी गॅलियम-इंडियम आर्सेनाइड हे अर्धवाहक असं तपासलं. शुद्ध रूपात गॅलियम-आर्सेनिक बंध 2.45 अँगस्ट्रॉमचा, इंडियम-आर्सेनिक 2.62चा. मिश्रणात दोन्ही सरासरीला येऊन मिळतील अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. दोन्ही बंध आपापल्या मूळ लांबीला चिकटून राहिले, जेमतेम 0.04ने सरकले, आणि तो फरक सामावून घ्यायला अणूच आपल्या नेमक्या जागांवरून थोडे ढळले. म्हणजे सरासरी जाळी नीटनेटकी आणि आत सगळी ओढाताण. अशी मोजणी आता इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवरही, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरही, होते.

राहिलं 'कॅरेट तेच तर धातू तोच'. हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करतं. नुसतं तांबं घातलेलं 18 कॅरेटचं लाल सोनं घ्या. वजनात 75 आणि 25, पण अणूंच्या मोजणीत जवळपास निम्मे-निम्मे. तापवून ते हळूहळू निवू दिलं तर 400 अंश सेल्सिअसच्या आसपास अणू शिस्तीत लागतात: एक थर सोन्याचा, एक तांब्याचा. जाळी एका दिशेने चेपते, धातू कडक आणि ठिसूळ होतो. म्हणून जाणता कारागीर ते तापवलं की लगेच पाण्यात विझवतो; अणूंना रांगा लावायला सवडच मिळत नाही आणि तार मऊ राहते.

हॉलमार्कचा 750 हा आकडा (हजारात 750 भाग सोनं, म्हणजे 18 कॅरेट) प्रमाण सांगतो, अणूंची मांडणी नाही. लाल सोन्याची तार वाकवताना तडकली, तर भेसळीचा आरोप करण्याआधी ती थंड कशी केली होती, हे विचारा.