फाइन आर्ट्सचं दार उघडं राहू द्या

बडोद्याला पाहुणे आले की आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. लक्ष्मी विलास पॅलेस, फत्तेसिंह म्युझियममधला राजा रविवर्मा, कमाटीबाग, आणि संध्याकाळी सेव-उसळ. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी या वाटेपासून काही लांब नाही, पण तिथे पाहुण्याला कोणी नेत नाही. पाहुण्याचं सोडा, दांडिया बाजारात अख्खा जन्म काढलेल्या किती तरी मराठी माणसांनी त्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाही. विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, “ते मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही हो.”

मला तरी कुठे कळतं? पण मी जाते, आणि जे बघते ते आवडतं म्हणून सांगते आहे.

शैक्षणिक वर्ष संपताना तिथे ‘ॲन्युअल डिस्प्ले’, म्हणजे विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या कामांचं प्रदर्शन, लागतो. वेगळी अशी मोठी गॅलरी सजवत नाहीत, फॅकल्टीचीच गॅलरी होते. मुलंमुली स्वतःच्या हाताने स्टुडिओ रिकामे करतात, भिंतींना पांढरा रंग मारतात, कामं टांगतात. पेंटिंगच्या खोल्यांत टर्पेंटाइनचा वास असतो, ग्राफिक्सकडे, म्हणजे छापचित्रांच्या विभागात, शाईचा. मला स्वतःला ग्राफिक्स विभागात सगळ्यात जास्त रमायला होतं. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढलेलं चित्र, लिथोग्राफ म्हणजे दगडावरून घेतलेला छाप, वुडकट लाकडावरून. चित्राखाली पेन्सिलीने बारीक ३/१० असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ दहा छापांतला हा तिसरा. हे मला तिथल्याच एका विद्यार्थिनीने सांगितलं. विदर्भातली मुलगी, मराठी ऐकून एकदम मोकळी झाली आणि थेट छापखान्यात घेऊन गेली. रोलर फिरवून दाखवला, पत्रा पुसताना शाई नेमकी कुठे राहू द्यायची ते दाखवलं. आई-वडिलांनी अजून तिचं काम पाहिलेलं नाही, म्हणाली. मे महिन्याच्या उन्हात एवढ्या लांब कोण येणार?

सगळंच छान असतं असं मी म्हणत नाही. बरीच कामं उसनी वाटतात. कोणीतरी बडोद्याचा चित्रकार भूपेन खख्खर याच्या वाटेने निघालेला असतो, कोणी फोनवर पाहिलेल्या एखाद्या परदेशी इन्स्टॉलेशनच्या, म्हणजे वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीच्या. शिवाय प्रत्येक कामाशेजारी चिकटवलेला तो इंग्रजी कागद! चित्रात जे आलेलं नाही ते तिथे अवघड वाक्यांत कोंबलेलं असतं. मास्तरांनो, ते कागद निम्मे करा आणि उरलेले गुजराती-मराठीत लावा. बाहेरचा माणूस आत का येत नाही याचं अर्धं उत्तर त्या कागदावर आहे.

पण कच्चं काम असणारच. ती परीक्षा आहे. आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिका कोणी चौकात लावल्या तर आपल्याला कसं वाटेल? ही मुलं दरवर्षी तेच करतात, आणि त्यांचं पुढचं काम त्यातूनच सुधारतं, कारण भिंतीवर लागल्याशिवाय चित्र कुठे फसलं ते काढणाऱ्यालाही दिसत नाही.

लोकांसमोर मांडायची ही सवय या संस्थेत पहिल्यापासून आहे. विद्यापीठ १९४९ चं, फाइन आर्ट्स १९५० ची. हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. पेंटिंगसाठी ना. श्री. बेंद्रे आले. इंदूरचा हा मराठी माणूस निसर्गचित्रांसाठी नावाजलेला होता, पण बडोद्यात त्यांनी स्वतःच नव्याने प्रयोग सुरू केले आणि मुलांनाही आपली नक्कल करू दिली नाही. १९५६ मध्ये त्यांनी ‘बरोडा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ उभा केला, त्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र चित्रं मांडत. ज्योती भट्ट, शांती दवे ही त्याच पिढीतली नावं. पुढे १९६१ पासून फाइन आर्ट्स फेअर सुरू झाली. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक त्या जत्रेसाठी खेळणी बनवत. आणि खख्खर तर मुंबईहून आलेला चार्टर्ड अकाउंटंट! बडोद्यात हिशेब लिहून पोट भरायचा आणि न्हावी, घड्याळजी रंगवायचा.

त्याच्याही आधी बघा. रविवर्म्याने सयाजीराव महाराजांसाठी चौदा पौराणिक चित्रं केली, ती दरबारात जाण्याआधी लोकांना पाहायला खुली ठेवली होती आणि बघायला झुंबड उडाली होती. देवादिकांना असं तैलरंगात, हाडामांसाचं पाहणं तेव्हा नवीनच होतं. आज तीच चित्रं आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो.

आता कडू भाग. मे २००७ मध्ये याच फॅकल्टीत परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवरून बाहेरच्या लोकांनी गोंधळ घातला आणि पोलिसांनी एका विद्यार्थ्याला अटक केली. विद्यापीठ त्याच्या पाठीशी उभं राहिलं नाही. निषेध म्हणून मुलांनी भारतीय कलापरंपरेतल्या शृंगारिक प्रतिमांचं प्रदर्शन मांडलं, तर तेही बंद पाडलं गेलं आणि प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. २०२२ च्या डिस्प्लेच्या वेळी पुन्हा वाद पेटला.

माझं मत सरळ आहे. एखादं चित्र पाहून मन दुखावलं तर तसं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. मलाही काही कामं खटकली आहेत, एक तर निव्वळ लक्ष वेधण्यासाठी केलेलं वाटलं. त्या मुलाला मी ते तोंडावर सांगितलं, त्याने वाद घातला, दोघंही आपापल्या मतावर ठाम राहिलो. अभिप्रायाच्या वहीत लिहा, शिक्षकांना विचारा, वर्तमानपत्रात टीका करा. पण विशी-बाविशीतल्या विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या कामावर पोलीस बोलावणं हा त्यावरचा उपाय नाही. आणि विद्यापीठानेही वाद नको म्हणून दारच लावून घेणं मला त्याहून जास्त लागतं. अशाने मुलं आधीच मनातल्या मनात कात्री चालवायला लागतात. यावर्षी काय दाखवायचं नाही, याचीच चर्चा वर्गात जास्त होत असेल तर शिकणार काय?

यात आपलाही वाटा आहे. शहरातली चार-पाचशे साधी माणसं दरवर्षी तिथे फिरून जात असती, मुलांशी बोलत असती, तर दहाजणांच्या आरडाओरड्याला इतकं वजन आलं नसतं. गोंधळ घालणाऱ्यांना तिथे रिकामं मैदान मिळतं, ते आपण न गेल्यामुळेच.

म्हणून विद्यापीठाला माझी मागणी: डिस्प्लेच्या तारखा आठवडाभर आधी स्थानिक पेपरात द्या, रविवारी आणि संध्याकाळी सातपर्यंत दालनं उघडी ठेवा. नोकरी करणारा माणूस अकरा ते पाचमध्ये येणार कसा? आणि बडोदेकरांनो, पुढच्या खेपेला तारीख कळली की मी इथे टाकेन. मुलांना घेऊन या. ग्राफिक्स विभागापासून सुरुवात करा, आणि समोर विद्यार्थी दिसला तर “हे कसं केलंस?” एवढंच विचारा.