बर्न्सचं घराणं म्हणे कॅम्पबेल सरदारांचं! पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

दरवर्षी २५ जानेवारी, म्हणजे बर्न्सचा जन्मदिवस, जवळ आली की ही पोस्ट फिरायला लागते. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याचे पूर्वज म्हणजे हायलँड या डोंगराळ भागातल्या कॅम्पबेल क्लॅनचे (कुळाचे) मोठे लोक, त्यातला कुणी वॉल्टर कॅम्पबेल राजकारणात अडकून पूर्वेला किंकार्डिनशरला पळाला, ओळख लपवायला नाव बदललं, आणि म्हणून बर्न्स आडनावाच्या प्रत्येकाला क्लॅनचं टार्टन (चौकड्यांचं खास कापड), कोट ऑफ आर्म्स (मानचिन्ह) आणि वडिलोपार्जित जमिनीचा वारसा आहे. ऐकायला भारी आहे, पण ज्यांनी खरंच शेतात हाडं झिजवली त्यांचा इतिहास यात पुसला जातो आणि याचाच मला राग येतो.

कॅम्पबेलची गोष्ट तोंडी चालत आलेली आहे. बर्न्सने स्वतः ऑगस्ट १७८७ मध्ये डॉ. जॉन मूर या लेखकाला लांबलचक पत्र लिहून घराण्याची हकीकत सांगितलीय, त्यात कॅम्पबेल कुठेच नाहीत. तो म्हणतो आमचे पूर्वज कीथ मार्शल या सरदार घराण्याच्या जमिनी खंडाने कसायचे, म्हणजे सरळ सरळ कुळं. किंकार्डिनशरमधल्या ग्लेनबर्वीच्या चर्चच्या आवारात त्यांच्या कबरी आहेत, आणि बोगजॉर्गन, ब्रॉलिनम्युअर, क्लॉकनाहिल ही त्यांनी कसलेली शेतं, सगळी त्याच टापूतली.

नाव लपवलं म्हणावं तर कवीचे वडील विल्यम शेवटपर्यंत जुनंच स्पेलिंग (Burnes किंवा Burness) वापरत होते, रॉबर्ट आणि भाऊ गिल्बर्ट यांनी ते १७८६ मध्ये आखूड करून Burns केलं, आणि माँट्रोजच्या चुलत शाखेने तर तेही केलं नाही. त्याच शाखेतला अलेक्झांडर बर्न्स १८२१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला, पुढे १८४१ ला काबूलमध्ये मारला गेला, आणि त्याचा डॉक्टर भाऊ जेम्स याने १८४३ मध्ये मुंबईत भारतीयांना प्रवेश देणारा फ्रीमेसन लॉज (फ्रीमेसन या बंधुसंघाची शाखा) काढला. लपून राहणारी माणसं अशी नसतात!

कोट ऑफ आर्म्सचं तर विचारूच नका. स्कॉटलंडमध्ये तो आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला मिळतो, आणि त्याची सरकारी नोंदवही १६७२ च्या कायद्यापासून आहे. मूरच्या पत्रातच बर्न्स सांगतो की एडिंबराला अशी मानचिन्हं नोंदवणारी कचेरी बघितली पण आपलं नाव तिथे जवळपासही नव्हतं. १७९४ मध्ये त्याने हौसेने स्वतःसाठी एक चिन्ह रचलं, मेंढपाळाची काठी, पावा, वर पक्षी, तेही नोंदवलेलं नव्हतंच. आणि आडनावागणिक टार्टन ही फॅशन मुख्यतः १८२२ च्या चौथ्या जॉर्जच्या एडिंबरा भेटीनंतरची, तेव्हा कवी जाऊन २६ वर्षं झाली होती.

आता जमिनीचं, ज्याबद्दल पोस्ट सगळ्यात जास्त खोटं बोलते. विल्यम १७४८ मध्ये घर सोडून एडिंबराला माळीकाम करायला गेला, १७५० च्या सुमाराला पश्चिमेकडच्या एअरशरला आला, अ‍ॅलोवेला साडेसात एकर कायम भाड्याने घेतली आणि तिथे स्वतःच्या हाताने मातीचं घर बांधलं. १७५९ मध्ये रॉबर्ट जन्मला आणि काही दिवसांतच वादळात त्या घराची एक भिंत ढासळली, आईला बाळ घेऊन शेजारी जावं लागलं. मग १७६६ पासून माउंट ऑलिफंट, ७० एकर, वर्षाला ४० पौंड खंड, जमीन इतकी निकस की तेरा-चौदा वर्षांचा पोरगा मोठ्या गड्याइतकं राबायचा. १७७७ ला लॉकली, १३० एकर, एकरी २० शिलिंग, तिथे मालकाशी खंडावरून वाद झाला, केस एडिंबराच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेली, जानेवारी १७८४ मध्ये निकाल विल्यमच्या बाजूने लागला आणि १३ फेब्रुवारीला तो वारला, तोवर शरीर आणि पैसा दोन्ही संपलं होतं. मुलांनी त्याआधीच जवळचं मॉसगील, ११८ एकर, परत खंडानेच घेऊन ठेवलं होतं. यातली एकही जमीन वडिलोपार्जित नव्हती, मग इस्टेट कसली?